पैलू विणावा कोणी – भाषेने की यंत्राने?

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी थांबत जाते. समजा, उतरणाऱ्या प्रत्येकाचे तिकीट तपासायचे ठरले. नियम एकच, पण माणूस मात्र प्रत्येक स्थानकात उभा करावा लागतो. संगणकाच्या आज्ञावलीतही असेच घडते. शाळेत फी घेणे, गुण भरणे, दाखला देणे ही कामे निरनिराळी. पण ‘कोणी, केव्हा केले याची नोंद ठेवा’ ही सूचना प्रत्येक कामात लिहावी लागते. एके ठिकाणी राहून गेली, तर नेमकी तिथलीच नोंद हवी असते!

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत ग्रेगर किचालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली यावर उपाय मांडला. अशी सर्वत्र पसरणारी सूचना एकाच जागी, ‘पैलू’ म्हणून लिहायची आणि ती कुठे कुठे लागू आहे तेही तिथेच सांगायचे. मग ‘विणकर’ नावाची आज्ञावली तो धागा मूळ आज्ञावलीत विणते. जावा भाषेवर बेतलेली ‘अ‍ॅस्पेक्टजे’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण.

अडचण पुढेच आहे. एकदा विणले की यंत्राला दिसतात त्या साध्या आज्ञा. त्यांतला पैलू कोणता, हे त्याला कळत नाही. तपासणी फक्त परीक्षेच्या आठवड्यात हवी असेल, तर विणलेल्या प्रत्येक जागी ‘आज तपासणी आहे का?’ असे विचारावे लागते. उत्तर ‘नाही’ असले, तरी विचारण्यात वेळ जातोच. तपासणी नसलेल्या दिवशीही तपासनीस फाटकात बसवून ठेवावा, तसे हे झाले.

जर्मनीतील डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठात बोकिश, हाउप्ट आणि मेझिनी यांनी २००४ मध्ये ‘स्टीमलूम’ सादर केले. नावाचा अर्थ वाफेवरचा माग; गिरण्यांच्या मुंबईला तो वेगळा सांगायला नको. जावाच्या आज्ञा चालवणारे जे आभासी यंत्र असते, त्यालाच येथे पैलू ओळखायला शिकवले होते. पैलू लागू झाला की यंत्र तेवढ्याच आज्ञा बदलून त्यांचे पुन्हा भाषांतर करते. काढला की त्या पूर्ववत करते. एरवी फाटकच नसते. बदलाच्या क्षणी मात्र भाषांतराचा खर्च पडतो. म्हणून कायम लागणाऱ्या नोंदीसाठी आधीच विणलेले बरे, असे आम्हांला वाटते.

२०११ च्या सातव्या जावात आभासी यंत्राला एक नवी आज्ञा मिळाली. हाक कोणाकडे जायची, हे तिच्यामुळे आज्ञावली चालू असताना ठरवता येते व बदलताही येते. ती केली होती इतर भाषांच्या सोयीसाठी. पैलू विणणाऱ्यांनाही तिचा उपयोग होण्याजोगा आहे.