टेबलावर एक, करखात्यात दोन

पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदी आणली, तेव्हा चर्चा झाली ती रमीच्या जाहिरातींची आणि क्रिकेटच्या संघजुळणीची. पोकरवरच पोट चालवणाऱ्यांचं पुढे काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. घरी बसून पडद्यावर खेळणाऱ्यांना आता रस्ता धरावा लागेल. जवळ म्हणजे पणजीला मांडवीतली कॅसिनो जहाजं. त्यापलीकडे व्हिएतनाम, फिलिपिन्स आणि उन्हाळ्यात लास व्हेगास. अमेरिकेत हे आधीच घडून गेलंय. 15 एप्रिल 2011 रोजी तिथल्या सरकारने बड्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली आणि अनेक खेळाडूंनी बिऱ्हाड मेक्सिको-कॅनडात हलवलं.

हा प्रश्न मराठवाड्यातल्या उमरग्यापासून दूरचा वाटेल, पण कायद्याचा गोंधळ बघायला आपला हैदराबाद रस्ताच पुरे. उमरग्यात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू; त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट. सीमेवरचं तळमोड ओलांडून कर्नाटकात शिरलं की वेगळी कथा: तिथे 2021 मध्ये कायदा बदलून ऑनलाइन कौशल्याच्या खेळांवरही बंदी आणली गेली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आणखी पुढे तेलंगणात 2017 पासून कौशल्याची सूटच काढून टाकलेली. पत्त्यांचा कॅट तोच, महामार्ग तोच, कायदे तीन. पोकर हे कौशल्य की नशीब, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार म्हटलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये कौशल्य.

पोकरसाठीच्या या फिरतीत नवरा-बायको दोघंही खेळाडू असतील तर? बाहेरून वाटतं, दोन कमावते, म्हणजे दुप्पट आधार. मला ते पटत नाही. स्पर्धेत साधारण शंभरातल्या पंधरा जणांच्या हाती काही लागतं आणि बक्षिसाचा मोठा वाटा वरच्या मोजक्यांकडे जातो. चांगल्या खेळाडूचेही महिनेच्या महिने तोट्यात जातात. दोघांचा धंदा एकच आणि बहुधा पैशाची पिशवीही एकच. वाईट दिवस एकदम आले तर एकाच्या पगारावर घर चालवण्याची सोय नाही.

मग पैसे लावणारा गाठायचा. तो प्रवेशशुल्क भरतो, जिंकल्यावर वाटा घेतो आणि झालेला तोटा पुढच्या कमाईतून आधी वसूल करतो. खेळाडू याला ‘मेकअप’ म्हणतात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्यालाच बांधलेला. कोयता गरिबीने उचलावा लागतो आणि पत्ते स्वखुशीने, हा फरक मी विसरत नाही. पण अंगावर फिरत राहणाऱ्या कर्जाची रीत तीच आहे.

टेबलावर जोडप्याकडे संशयाने पाहिलं जातं. आपल्या माणसाला सांभाळून खेळणं नियमाविरुद्ध आहे. ॲलेक्स आणि क्रिस्टन फॉक्सेन हे आजचं सर्वांत नावाजलेलं जोडपं. लग्नाआधी, 2018 मध्ये, लास व्हेगासच्या एका स्पर्धेत शेवटच्या तिघांत दोघंही उरले आणि संगनमताचा आरोप झाला. त्यांनी तो फेटाळला. कोस्टा रिकाच्या मॅक्स आणि मारिया स्टर्न या दांपत्याने तर 1997 मध्ये पोकरच्या एकाच वर्ल्ड सिरीजमध्ये दोघांनीही ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याचं कडं, जिंकलं होतं. दोघांनी मिळून खेळण्याची उघड मुभा असते ती ‘टॅग टीम’ प्रकारात, एकाच जागेवर आळीपाळीने. निकिता लूथरने 2018 मध्ये ज्युसेप्पे पान्तालिओबरोबर त्याच प्रकारात ब्रेसलेट जिंकलं. वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

टेबलाला जे एक वाटतात, ते आपल्या प्राप्तिकर कायद्याला मात्र पक्के दोन दिसतात. पत्त्यांतल्या कमाईवर सरसकट 30 टक्के कर, वर उपकर. तोटा वजा होत नाही. बायकोचा सोडाच, स्वतःचाही नाही. विमानाचं तिकीट, खोलीचं भाडंही नाही. समजा, वर्षभरात नवऱ्याने दहा लाख जिंकले आणि बायकोचे सात लाख प्रवेशशुल्कात गेले. घरात आले तीन लाख. कर दहा लाखांवर, म्हणजे तीन लाख. दोघांच्या वर्षभराच्या जागरणाची शिल्लक शून्य, आणि उपकर पदरचा.

ही पद्धत अन्यायाची आहे. गोव्यात परवाना देऊन सरकार पोकरचं टेबल मांडू देतं, त्यावर कर घेतं आणि खेळणाऱ्याचा तोटा मात्र मोजतच नाही. जुगार मानायचा असेल तर मांडवीतली जहाजंही बंद करा. व्यवसाय मानायचा असेल तर, इतर कुठल्याही धंद्याप्रमाणे, वर्षाचा तोटा त्याच वर्षाच्या कमाईतून वजा करू द्या.