आजीचे शब्द रांगेत लावताना

आपल्या बेटावरच्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडचे कितीतरी शब्द आता नातवंडांना उमगत नाहीत. म्हणून आम्ही घरच्या शब्दांची यादी संगणकावर उतरवू लागलो. शब्द आणि अर्थ यांमधले अंतर स्पेसबार दाबून राखले. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, अक्षरांचा फाँट बदलला आणि ओळी मोडून सगळी यादी विस्कटली!

मग वर्डमध्ये तक्ता आखला. पहिल्या रकान्यात ‘पाटा’, दुसऱ्यात ‘मसाला वाटायचा सपाट दगड’, तिसऱ्यात क्रिओल ‘रोस कारी’. एका शब्दाला एकच ओळ. मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर आपोआप यावी, अशीही सोय करून घेतली.

शब्द अकारविल्हे लावण्याचे काम ‘सॉर्ट’ करते. मात्र नजर फिरवावीच लागते. आपल्या वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात. संगणक त्यांना कधी ‘क’ आणि ‘ज’ यांच्यात बसवतो.

शेवटी चौथा रकाना वाढवला: शब्द सांगणाऱ्याचे नाव. तक्ता केव्हाही सुधारता येईल. सांगणारी माणसे मात्र कायमची नाहीत. तेव्हा आज रात्री जेवताना आजीला एक तरी शब्द विचारा.