शजरा कुणाचा लिहिला गेला?

वंशावळीला आपण शजरा म्हणतो. अमेरिकेत पुष्कळ लोक हौसेने आपला शजरा शोधतात. पण तो प्रत्येकाला सापडतोच असं नाही. असं का होतं, ते पाहू या.

१६२० साली इंग्लंडहून ‘मेफ्लॉवर’ जहाज निघालं. त्यात १०२ प्रवासी होते. आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्लिमथ इथे त्यांनी वस्ती केली. पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मे दगावले. तरी उरलेल्यांचा वंश आज पिढीगणिक सांगता येतो, कारण नोंदी राहिल्या. वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी प्रवाशांची आणि त्यांच्या मुलाबाळांची यादी स्वतः लिहून ठेवली होती. जॉन हॉवलंड नावाचा नोकर वादळात समुद्रात पडला, दोर हाती लागला म्हणून वाचला. पुढे त्याला १० मुलं झाली. राष्ट्राध्यक्ष झालेले दोन्ही बुश त्याच्याच वंशातले.

१८९७ साली मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था निघाली. सभासद व्हायचं तर प्रत्येक पिढीचा पुरावा द्यावा लागतो : जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी, मृत्युपत्रं. ‘दादी सांगायची’ एवढ्यावर भागत नाही.

आता दुसरी बाजू. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव असे, गुलामाचं मात्र नुसतं वय, लिंग आणि रंग. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत या सर्वांची नावं पहिल्यांदा आली. त्यामुळे त्यांच्या वंशजांचा शोध बहुतेक वेळा १८७० पाशी अडतो. त्यामागे जायचं तर मालकाची मृत्युपत्रं, खरेदीखतं चाळावी लागतात. तिथे आपला पूर्वज गुराढोरांच्या यादीत सापडतो, किंमतीसकट.

या गुलामांत मुसलमानही होते. जॉर्जियातल्या सापेलो बेटावरच्या बिलाली मुहम्मद यांचं अरबी हस्तलिखित जॉर्जिया विद्यापीठात जपलेलं आहे. त्यांच्या घराण्याची नावं मात्र वंशजांनी तोंडीच सांभाळली. १९३० च्या दशकात काही जणांनी बेटावर जाऊन त्या आठवणी लिहून घेतल्या, म्हणून हा शजरा आज सांगता येतो.

म्हणजे आठवण मोलाची, पण ती कागदावर यायला हवी. शोधणारे सुरुवात स्वतःपासून करतात आणि एकेक पिढी मागे जातात. घरातल्या बुजुर्गांना आधी विचारा. नाव, गाव, साल, आणि हो, बायकांची माहेरची नावंसुद्धा लिहून घ्या. कागदपत्रं नंतरही शोधता येतील.