हिरवा दिवा लागतो, पण डबा दिसत नाही

घरातले फोटो-व्हिडिओ एका जागी ठेवणारा नास, म्हणजे नेटवर्कवरचा साठवणीचा डबा, राउटरला जोडला. दिवा लागला, पण लॅपटॉपवर त्याचं नावही येत नाही. लगेच डबा परत करू नका. आधी त्याचा पत्ता शोधा. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. राउटरच्या सेटिंगमधल्या यादीतून तो घ्या आणि ब्राउझरमध्ये टाका. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरचं उत्तर न मिळाल्याने डब्याने तो स्वतःच घेतला आहे. केबल तपासा, पोर्ट बदला.

मला सर्वांत फसवा वाटतो तो दोन राउटरचा घोळ. एक फायबरवाल्याने बसवलेला, दुसरा आपण आणलेला. दोघेही पत्ते वाटू लागले की एकाच घरात दोन गावं होतात. डबा एका गावात, लॅपटॉप दुसऱ्यात. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे पत्ते एकच राउटर वाटेल. पाहुण्यांच्या वायफायवरूनही डबा सहसा दिसत नाही. ती भिंत मुद्दाम घातलेली असते.

डबा जुना असेल तर एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वाटण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीचा अडसर येतो; नव्या विंडोजमध्ये ती बंद असते. २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने तिच्यातल्याच त्रुटीतून हैदोस घातला होता. विंडोजमध्ये ती पुन्हा चालू करण्याऐवजी डब्याचं सॉफ्टवेअर अपडेट करा.