आजारी कुत्रा आणि आपली घरगुती डॉक्टरकी

आजारी भटकं पिल्लू प्राण्यांच्या निवारा केंद्रात आणून देणारा माणूस बहुधा भलाच असतो. त्या भलेपणाच्या खुणा पिल्लाच्या अंगावर दिसतात: जखमेत कोंबलेली हळद, पाठीवर चोपडलेलं गाडीचं जळकं तेल, नाकाशी सुकलेलं दूध. केंद्रातल्या डॉक्टरांचा पहिला तास कित्येकदा हे निस्तरण्यातच जातो.

दुधापासूनच सुरुवात करू. ‘दूध-पोळी द्या, ताकद येईल’ हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. दूध तुटलेल्या बऱ्याच कुत्र्यांना गाईम्हशीच्या दुधातली साखर नीट पचत नाही, पोट आणखी बिघडतं. पार्वो हा आतड्यांचा विषाणूजन्य आजार झालेलं पिल्लू तर आधीच उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी गळून गेलेलं असतं. त्याच्या तोंडात बाटलीनं दूध ओतलं की ते फुप्फुसात उतरू शकतं आणि पार्वोच्या जोडीला न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला हवं असतं शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, आतड्यातले जिवाणू रक्तात पसरू नयेत म्हणून अँटिबायोटिक आणि ऊब. मळलेलं आहे म्हणून त्याला आधी आंघोळ घालणं घातकच. अशक्त पिल्लाचं अंग बघता बघता गार पडतं.

याउलट टोकाचा समज असा की पार्वोत दोन-तीन दिवस पोट रिकामंच ठेवायचं. पूर्वी डॉक्टरही तेच सांगत. आता उलटी आटोक्यात आणून थोडं थोडं अन्न लवकर सुरू करतात, गरज पडली तर नाकातल्या नळीनं. आतड्याचं अस्तर त्यामुळे लवकर भरून येतं. हाडं मोजता येतील इतक्या उपाशी कुत्र्याच्या बाबतीत मात्र घाई नको. त्याच्यापुढे एकदम भाताचं भरलेलं ताट ठेवलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं घसरतं, प्रसंगी हृदय बंद पडतं. म्हणून पहिले काही दिवस मोजूनमापून, दिवसातून चार-पाचदा.

आता फिनाइल. त्याच्या वासानं आपल्याला स्वच्छतेची खात्री वाटते. पार्वोच्या विषाणूला त्याचं फारसं काही वाटत नाही. या विषाणूला स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे साबण आणि नेहमीची जंतुनाशकं त्याच्यापुढे कमी पडतात. आधी विष्ठा आणि घाण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं ताजं द्रावण दहा मिनिटं फरशीवर राहू द्यायचं, तेव्हा तो मरतो. मातीत मुरला तर कित्येक महिने टिकतो आणि माती काही ब्लीचनं धुता येत नाही. निवारा केंद्रात आजारी पिल्लांची खोली वेगळी, फरशी सिमेंटची आणि भांडी स्वतंत्र असतात ती यासाठी. स्वयंसेवकानं निरोगी पिल्लं आधी हाताळायची, आजारी शेवटी. ‘जरा उचलून घेऊ द्या ना’ म्हणणाऱ्या पाहुण्याला नकार मिळाला तर त्यानं राग मानू नये. विषाणू चपलेवरून आणि ओढणीवरूनही फिरतो. माझ्या मते केंद्राची पारख औषधांच्या कपाटावरून करण्यापेक्षा तिथले झाडू आणि बादल्या वेगवेगळ्या आहेत का यावरून करावी.

डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या आजाराचा विषाणू उलट नाजूक, साध्या साबणानंही मरतो. पण तो श्वासातून पसरतो, म्हणून तिथे अंतर महत्त्वाचं. डोळ्यांतली घाण आणि खोकला थांबला की लोक ‘बरा झाला’ म्हणतात, आणि काही आठवड्यांनी झटके सुरू होतात. मग लगेच ‘आता इंजेक्शन देऊन सोडवा’. आवरता न येणारे झटके असतील तर तो निर्णय दयेचाच असतो. पण एखादा पाय किंवा जबडा सतत उडत असूनही खाणारे, फिरणारे, खेळणारे कुत्रे आहेत. नुसत्या उडत्या पायावरून निकाल लावू नये.

या दोन आजारांच्या लशीबद्दल थोडक्यात. एका डोसानं काम भागत नाही. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं लस निष्प्रभ करू शकतात, म्हणून साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात.

खरुजेवर जळकं तेल लावलं की कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जातं. खरूज मुख्यतः दोन जातींच्या किड्यांमुळे होते. एका प्रकारात सांभाळणाऱ्यालाही काही दिवस खाज सुटते, दुसरा माणसाला लागत नाही. आता दोन्हींवर पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत. जखमेतल्या अळ्यांवर पेट्रोल ओतलं तर त्यांच्याबरोबर मांसही भाजतं, आणि हळदीखाली जखमेची खोली दिसेनाशी होते. तापाचंही तसंच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला तो तापलेला लागणारच. त्यावरून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. पहिल्यानं यकृत जाऊ शकतं, दुसऱ्यानं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज रेबीजचा आहे. पिसाळलेला कुत्रा फेस गाळत अंगावर धावतो, एवढंच चित्र आपल्या डोक्यात असतं. रेबीजचा एक मुका प्रकारही असतो. कुत्रा कोपऱ्यात गप्प बसतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणीसुद्धा गिळवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय, आणि तो तोंडात हात घालतो. असा कुत्रा दिसला तर त्याला हात न लावता इतरांना लांब ठेवा आणि केंद्राला फोनवर हीच लक्षणं सांगा, म्हणजे तिथली माणसं जाड हातमोजे आणि पिंजरा घेऊन येतील. लाळ जखमेला किंवा डोळ्या-तोंडाला लागली असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, डोळे नुसत्या पाण्यानं, आणि त्याच दिवशी लस सुरू करा. दंडातली लस त्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. चावल्यानं किंवा ओरखड्यानं रक्त आलं असेल किंवा लाळ उघड्या जखमेत, डोळ्यांत-तोंडात गेली असेल तर लशीसोबत रेबीजविरोधी प्रतिद्रव्यंही द्यावी लागतात, जखम असेल तर तिच्या आत आणि भोवती टोचून. ती मागून घ्या.