‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं कुठवर पोहोचलं?

आज बोलू एफसिंकबद्दल. नाव ऐकलं नसेल, पण तुमच्या फोनमध्ये ते रोज चालतं.

मे महिना म्हणजे गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम. समजा, भामरागडकडच्या एखाद्या फळीवर मुन्शी कोणी किती पुडे आणले ते मोबाईलवर नोंदवतोय. रेंज नाही, म्हणजे सगळा हिशोब त्या एकाच फोनमध्ये. ‘सेव्ह झालं’ असं आलं आणि जुनी बॅटरी असल्याने फोन धाडकन बंद! चालू केला तर शेवटच्या दहा नोंदी गायब. दहा जणांच्या मजुरीचा प्रश्न आहे हा.

असं का होतं? ॲप फाइलमध्ये लिहितं तेव्हा डेटा आधी रॅममध्ये थांबतो. ॲन्ड्रॉइडच्या खाली असलेलं लिनक्स तो सवडीने स्टोरेजवर उतरवतं. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार तो ३० सेकंदही तसाच बसू शकतो. नुसतं ॲप बंद पडलं तर तो वाचतो. फोनच बंद पडला तर गेला.

म्हणून एफसिंक. ॲप सिस्टिमला सांगतं, ‘ही फाइल आत्ताच्या आत्ता उतरव, तोवर मी थांबतो.’ पण या आश्वासनालाही मर्यादा आहेत.

पहिली: फाइल नवी असेल तर आतला मजकूर पोहोचतो, पण फोल्डरमधलं तिचं नाव पोहोचेलच असं नाही. हे लिनक्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. फोल्डरलाही वेगळं एफसिंक करावं लागतं.

दुसरी: ड्राइव्हची स्वतःचीही कॅशे असते. मॅकवर साधं एफसिंक डेटा ड्राइव्हकडे सोपवतं, पण ती कॅशे रिकामी करत नाही. त्यासाठी ॲपलने ‘एफ-फुलएफसिंक’ अशी वेगळी सोय दिलीये.

तिसरी सगळ्यात घातक. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की, लिहिताना बिघाड झाला तर लिनक्स एरर एकदाच सांगतं. पुन्हा एफसिंक केलं तर ‘सगळं ठीक’ असं उत्तर येऊ शकतं, आणि डेटा तर उतरलेलाच नसतो! म्हणून २०१९ पासून पोस्टग्रेस अशी एरर आली की सरळ थांबतं आणि आपल्या लॉगमधून काम पुन्हा करतं.

मग ॲप बनवणाऱ्याने काय करायचं? एफसिंकचं उत्तर तपासा. ते ‘हो’ आल्यावरच ‘सेव्ह झालं’ दाखवा. एरर आली तर नुसतं पुन्हा एफसिंक करू नका, डेटा नव्याने लिहा. आणि डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ स्पष्ट टाका: कोणत्या क्षणापर्यंतची नोंद नक्की टिकते आणि कोणती जाऊ शकते. मी कुठलीही लायब्ररी निवडताना आधी तीच ओळ शोधतो.

आणि हो, फोनच पर्लकोटेच्या पुरात गेला तर एफसिंक काही करू शकत नाही. दुसरी प्रत दुसरीकडे हवीच, मग ती कागदी वही का असेना.

भेटू पुढच्या भागात!