ओळख निवडणुकीची (लेखांक ७) : मागे पडलेल्याने माघार कधी घ्यावी?

पक्षाची उमेदवारी कोणाला द्यायची, हे महाराष्ट्रात मतदार नव्हे, पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत त्यासाठी राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात आणि मागे पडलेल्याला प्रत्येक फेरीनंतर पुन्हा विचार करता येतो. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन शेवटच्या फेरीपर्यंत झुंजल्या आणि जूनमध्ये त्यांनी बराक ओबामा यांना पाठिंबा दिला. मुख्य मतदान तेव्हा पाच महिने दूर होते. बीड जिल्ह्यातल्या इच्छुकाला एवढा अवधी मिळत नाही. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा ए-बी फॉर्म दुसऱ्याच्या हाती पडला की तो अपक्ष अर्ज भरतो, आणि पक्षातली चुरस थेट मतदान यंत्रावर येते.

माघारीचे नियम लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३७ मध्ये आहेत. ठरलेल्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत लेखी सूचना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचली पाहिजे. उमेदवाराने लेखी अधिकार दिला असेल तर सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधीही ती देऊ शकतो. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. २०२४ च्या विधानसभेला छाननी ३० ऑक्टोबरला झाली आणि माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता. मध्ये दिवाळी आल्याने मनधरणीला एरवीपेक्षा जास्त दिवस मिळाले. मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे असलेले मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी त्याच ४ नोव्हेंबरला निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले आणि समर्थकांना अर्ज काढून घ्यायला सांगितले.

ज्यांनी अर्ज ठेवले त्यांच्यामुळे काय झाले, याचे उत्तर मतदारसंघागणिक वेगळे आहे. माजलगावात प्रकाश सोळंके यांनी मोहन जगताप यांच्यावर ५,८९९ मतांनी विजय मिळवला. तिथे अपक्ष रमेश आडसकर यांना या फरकाच्या कित्येक पट मते पडली. आष्टीत महायुतीचेच सुरेश धस आणि बाळासाहेब आजबे समोरासमोर होते, शिवाय अपक्ष भीमराव धोंडे रिंगणात होते. तरी धस सुमारे ७८ हजार मतांनी निवडून आले. उलट बीडमध्ये जयदत्त क्षीरसागर यांनी अर्ज मागे घेतला आणि पुढे योगेश क्षीरसागर यांना पाठिंबा दिला, पण ५,३२४ मतांनी जिंकले ते संदीप क्षीरसागर.

म्हणून ‘मते खाल्ली’ हा आरोप तपासूनच स्वीकारावा. आडसकर नसते तर त्यांची सगळी मते जगतापांकडेच गेली असती, असे धरून चालता येत नाही. काही सोळंकेंना मिळाली असती, काही मतदार घरीच बसले असते. अपक्षाची मते गावकीवर, साखर कारखान्याच्या संबंधांवर, जातीवर आणि जुन्या नाराजीवर उभी असतात. नेत्याच्या एका पत्रकाने ती एकगठ्ठा हलत नाहीत. ज्याच्यामागे असा स्वतःचा मतदार आहे त्याने, जिंकण्याची आशा धूसर असली तरी, लढण्यात गैर काही नाही. पक्षाने डावललेल्या माणसाला लोकांसमोर जाण्याचा आपल्याकडे दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

फक्त निर्णय मुदतीच्या आत व्हायला हवा. मुदत संपल्यावर जाहीर केलेल्या पाठिंब्याला कायद्यात काही अर्थ नाही. नाव आणि चिन्ह यंत्रावर राहते, आणि ही बातमी न पोचलेला वाडीवस्तीवरचा मतदार तेच बटण दाबतो. हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

मुदतीत माघार घेणाऱ्याला अनामत परत मिळते. विधानसभेसाठी ती १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. लढून हरलेल्याला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. खरा दबाव मात्र या रकमेचा नसतो. महामंडळ, विधान परिषद किंवा रोख रकमेच्या आश्वासनांचा असतो. अर्ज मागे घेण्यासाठी किंवा न घेण्यासाठी लाच देणे-घेणे हे कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे. विजयी उमेदवाराने ते केल्याचे सिद्ध झाले तर उच्च न्यायालय त्याची निवड रद्द करू शकते. त्यासाठी निकालानंतर ४५ दिवसांच्या आत याचिका दाखल करावी लागते.